कोणाचाही सल्ला न घेता

"सहीच्या वर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करायची नाही. आणि वाचून खोटं निघालं, तर पेनाला टोपण लावून उठायचं."

आमच्या सासूबाईंचा हा आवाज त्यांच्या मागेही आमच्या घरात ठणठणीत आहे. त्या असताना आम्ही तो ऐकत होतो, आता पाळतो. पाळायला वेळ जास्त लागतो. फोनवर हवामान सांगणारं एक ॲप घ्यायचं ठरलं, तेव्हा 'मी सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत' या ओळीपाशी ह्यांनी चष्मा पुसला आणि सर्व अटी वाचायला घेतल्या. वाचून झाल्या तोवर ऋतू बदलला होता. शिवाय शेवटून दुसऱ्या कलमाला ह्यांची हरकत निघाली. त्यामुळे बाहेर पाऊस आहे का, हे आमच्याकडे अजून खिडकीतून हात काढून पाहतात.

हे अभिलेख खात्यातून निवृत्त झाले. म्हणजे खातं सुटलं, अभिलेख सुटले नाहीत.

आमची लेक लिफ्ट दुरुस्त करते. उंच इमारतीच्या माथ्यावरच्या कोंदट खोलीत शिरायचं, ब्रेक उघडायचा, तारेच्या दोरांवरून चिंधी फिरवून कुठे तार तुटली आहे का ते पाहायचं, आणि काम झालं की आपण दुरुस्त केलेल्या लिफ्टनेच खाली यायचं. तिच्या धंद्यात हीच सही समजतात. आमच्या गावातल्या झाडून सगळ्या लिफ्ट तिच्या हाताखालून गेल्या आहेत. "आई, इथे वर जायला आता जागाच उरली नाही," असं ती एकदा म्हणाली होती, तेव्हा मी तिचं बोलणं अभिमानाचं समजले. नंतर कळलं की ती नुसती माहिती होती.

तिकडे एका थंड देशात इमारती वाढल्या आणि लिफ्ट सांभाळणारी माणसं कमी पडली. तिथल्या एका कंपनीने लेकीला निवडलं. अट एकच. महिनाअखेरच्या आत तिचा 'कुशल कामगार' म्हणून व्हिसाचा अर्ज दाखल झाला पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला. लेक त्या दिवसापासून घरात तरंगत होती. साठ मजल्यांच्या लिफ्टमध्ये कान कसे बंद होतात, ते ती जेवताना गाल फुगवून दाखवायची.

अर्ज आपला आपण भरायचा की वकील करायचा, हा प्रश्न आमच्याकडे फक्त एक सकाळ टिकला. लेकीने चहा निवायच्या आत अर्ज भरला. "यात वकिलाला काय काम? माझं नाव, शिक्षण आणि अनुभव मला पाठ आहेत," असं म्हणून ती शेवटच्या पानावर आली. तिथे एक चौकोन होता. चौकोनापुढे लिहिलं होतं:

'मी जाहीर करते की, हा अर्ज करताना मी कोणाचाही सल्ला, सूचना, मार्गदर्शन अथवा मदत घेतलेली नाही. घेतली असल्यास अशा प्रत्येक व्यक्तीची प्रतिनिधी म्हणून नोंद करावी.'

लेकीने खूण करायला पेन टेकवलं. हे म्हणाले, "थांब."

"आता काय, बाबा?"

"फोटोत हसली का नाहीस?"

"नळवाला म्हणाला, ताई, सरकारी फोटोत हसू नका, परत पाठवतात."

"म्हणजे सल्ला मिळाला."

"बाबा, तो बेसिन तुंबलं म्हणून आला होता!"

"तो कशासाठी आला होता, हे चौकोनात विचारलेलं नाही. सल्ला दिला आणि तू तो घेतलास. तोंड बघ फोटोतलं."

लेकीने आशेने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. माझा नेम आहे, सकाळी देवापुढे दिवा लावला की तो शांत होईपर्यंत बोलायचं नाही. आमचा दिवा मोठा आहे. मौनात हात मोकळे असतात म्हणून मी लोकरीची टोपी विणत बसले होते. थंड देश, कान झाकलेले बरे. मी सुई तशीच पुढे चालवली. लेकीने पेनाला टोपण लावलं.

ह्यांनी व्हिसा देणाऱ्या कार्यालयाच्या हेल्पलाइनला फोन लावला. बरीच बासरी ऐकल्यावर एक गोड आवाज आला, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"मदत नको," हे घाईने म्हणाले. "तो शब्द मागे घ्या, नाहीतर तुमचंही नाव लिहावं लागेल. फक्त नियम सांगा."

ह्यांनी नळवाल्याची हकिकत सांगितली. मग बाई म्हणाल्या, "काका, खरं सांगू? इतकं कोणी बघत नाही. पण आता विचारलंच आहे तर घालून टाका त्या नळवाल्याचं नाव प्रतिनिधी म्हणून."

दुसऱ्या दिवशी नळवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला. आल्याबरोबर त्याने सवयीने बेसिन पाहिलं. मग खुर्चीच्या कडेवर बसला. "माझ्या नावाने ताईंचं काम होत असेल तर कुठे सही करू सांगा," तो म्हणाला. प्रतिनिधीच्या अर्जालाही शेवटी एक चौकोन होता. प्रतिनिधीने कोणाचा सल्ला घेतला आहे का?

"शर्ट छान आहे," हे म्हणाले.

"बायको म्हणाली, सहीला जाताय, जरा बरा घालून जा."

ह्यांनी मान हलवली आणि नळवाल्याच्या बायकोसाठी आणखी एक अर्ज काढला.

"काका, रागावू नका," नळवाला उठता उठता म्हणाला, "पण एवढी माणसं गोळा करण्यापेक्षा सरळ वकील का नाही करत?"

"हा दुसरा सल्ला," हे म्हणाले. "बसा परत."

नळवाला गावभर फिरतो. दोन दिवसांत प्रत्येक तुंबलेल्या बेसिनपर्यंत बातमी पोचली की आमच्याकडे सल्ला दिला की नाव सरकारदरबारी जातं. आजवर आमच्याकडे लोक फुकट सल्ला देत, आता तर त्याची पोचही मिळत होती. माणसं जिन्यावर उभी राहू लागली. केस कापणारा आला, चष्मेवाला आला, चष्मेवाल्याबरोबर चष्मा घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही आलं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई खाली आल्या आणि त्यांनी अर्जाची पानं चाळून एकदा "हं" असं म्हटलं. त्या 'हं'ची नोंद कशी करावी यावर हे संध्याकाळपर्यंत अडले होते. शेवटी 'मार्गदर्शन' या सदरात ती बसवली.

माझा धाकटा भाऊ तिकडे कोणाच्या तरी लग्नाला आठवडाभर जाऊन आला आहे. तेव्हापासून तो त्या देशाबद्दल घरमालकासारखा बोलतो. "ताई, तू तरी समजाव दाजींना," तो मला म्हणाला. "तिथे वकिलाशिवाय पानही हलत नाही."

"मामा, पानं कोण हलवतं मग? वकील?" लेकीने विचारलं.

"हस. हस तू. मी पाहून आलोय."

"लग्न पाहून आलास ना रे मामा?"

"लग्नालाही वकील होता," मामा म्हणाला. "नवरदेवच वकील होता."

ह्यांनी दारावर पाटी लावली: 'येथे सल्ला स्वीकारला जात नाही.' त्यावर येणाऱ्याने सांगितलं की अक्षर मोठं हवं होतं, जाणाऱ्याने सांगितलं की पाटी डाव्या बाजूला हवी होती. हे सल्ले पाटीबाबत असून अर्जाबाबत नाहीत, असा निर्णय ह्यांनी उंबऱ्यातच दिला आणि ते दप्तरी दाखल करून घेतले नाहीत. निवृत्तीनंतर ह्यांच्या चेहऱ्यावर एवढं तेज मी पाहिलं नव्हतं.

एव्हाना नोंदींचे दोन ढीग झाले होते. एका ढिगाचं म्हणणं वकील करा, दुसऱ्याचं म्हणणं करू नका. लेक दोन्ही ढिगांच्या मधे डोकं धरून बसली. "म्हणजे मी वकील केला तर ह्या ढिगाचं ऐकलं, आणि नाही केला तर त्या ढिगाचं ऐकलं. मी माझ्या मनाने काही करायचं उरलंय का?"

"लहानपणापासून तसंच आहे," हे म्हणाले. त्यांनी कोणत्याही कलमाचा आधार न घेता काढलेलं हे पहिलंच वाक्य होतं.

दिवस भराभर चालले होते. शेवटी वकिलालाच विचारावं असं ठरलं. मीही बरोबर गेले, कारण दुपार होती आणि दिवा शांत झाला होता. वकीलसाहेबांच्या कचेरीत इतका थंडावा होता की आपण आधीच तिकडे पोचल्यासारखं वाटलं. भिंतीवर विमानाचं चित्र होतं. विमान कागदांच्या गठ्ठ्यावर उतरत होतं. मुद्दाम काढलं होतं की चित्रकाराचं चुकलं होतं, कळलं नाही.

"बोला," वकीलसाहेब म्हणाले.

"आम्हाला वकिलाची गरज आहे का, एवढंच विचारायचंय," लेक म्हणाली.

"विचारू नका." वकीलसाहेबांनी हात वर केला. "मी हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, तो सल्ला झाला. सल्ला दिला की मी तुमचा प्रतिनिधी. प्रतिनिधी झालो की तुम्हाला वकील आहे. वकील असेल तर गरज आहे का हा प्रश्नच राहत नाही. आता विचारा."

आम्ही विचारलं नाही.

"आणि मला नेमलंत," ते पुढे म्हणाले, "तर मला लिहून द्यावं लागतं की माझ्याशिवाय कोणाचाही सल्ला कामी आलेला नाही. म्हणजे बाकी सगळ्यांकडून लेखी हवं, 'मी दिलेला सल्ला निरुपयोगी होता.' हे मी सल्ला म्हणून सांगत नाही हं. तक्रार म्हणून सांगतोय. माझ्या अशिलांचं सगळ्यांचं तिथेच अडलंय."

"तक्रार चालेल," हे म्हणाले. "तक्रार चौकोनात नाही."

आम्ही उठलो. दारापाशी पोचलो तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो, छत्री राहिली!"

हे थबकले. त्यांनी छत्रीकडे पाहिलं, वकीलसाहेबांकडे पाहिलं. "सूचना," ते हळूच मला म्हणाले. आम्ही तिघं भिजत घरी आलो.

वकील करायचा, तर आता फक्त लोकांच्या सह्या आणायच्या होत्या. सोपं वाटत होतं. प्रतिनिधी व्हायला जिन्यावर रांग लावणारी हीच माणसं. ह्यांनी मजकूर सुवाच्य लिहून घेतला आणि मामापासून सुरुवात केली.

मामाने वाचलं. "निरुपयोगी?" त्याने पुन्हा वाचलं. "दाजी, मी आठवडाभर राहून आलोय तिथे!"

"नुसती सही आहे रे," मी म्हटलं. "पोरीचं काम होईल."

"ताई, किडनी माग, देतो. हे नको मागू."

चष्मेवाला म्हणाला, 'काही अंशी निरुपयोगी' असं घाला. केस कापणाऱ्याने निम्मं डोकं झाल्यावर ह्यांना खुर्चीतून उठवलं. नळवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, पाइप निरुपयोगी म्हणा, पान्हा निरुपयोगी म्हणा, मी ऐकून घेईन," तो म्हणाला. "पण हसू नका म्हणून सांगितलं ते चूक होतं का, तुम्हीच सांगा."

"माझ्या सल्ल्याला निरुपयोगी म्हणवत नाही हो," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "तो न ऐकणारी मुलं पुढे काय झाली माहीत आहे?"

"काय झाली?"

बाईंनी थोडा विचार केला. "एक तर मंत्री झाला," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. वकील करायचा तर सह्या नाहीत, आणि न करायचा तर सगळ्यांना प्रतिनिधी म्हणून पाठवणं भाग. लेक म्हणाली, "पाठवा सगळ्यांना." तिचा आवाज बारीक झाला होता. तिने गाल फुगवून दाखवणं कधी बंद केलं ते मला आठवेना.

प्रतिनिधींच्या नावांची पुरवणी मूळ अर्जापेक्षा जाड झाली. ह्यांनी ती एकदा शेवटची तपासली आणि म्हणाले, "एक नाव राहिलं."

"कोण राहिलं आता?" लेक ओरडली.

"नळवाल्याचं नाव घाला, असं हेल्पलाइनच्या बाई म्हणाल्या. आपण घातलं. हे मार्गदर्शन झालं. बाई पगारी, म्हणजे मार्गदर्शन त्यांचं नव्हे, कार्यालयाचं." आणि त्यांनी शेवटच्या रकान्यात सुंदर अक्षरात लिहिलं, 'प्रतिनिधी: आपले कार्यालय.'

लेकीने सहीच्या वरचं सगळं वाचलं. सगळं खरं होतं. तिने सही केली. सासूबाईंच्या फोटोकडे पाहून ह्यांनी मान लववली.

थोड्या दिवसांनी कार्यालयाचं उत्तर आलं. अर्जदाराला प्रतिनिधी असल्याने यापुढील सर्व पत्रव्यवहार प्रतिनिधींशी होईल, अर्जदाराने मधे बोलू नये. त्याप्रमाणे कार्यालयाने कार्यालयाला पत्र पाठवलं. ते कार्यालयाला मिळालं. कार्यालयाने त्याची पोच दिली, आणि खुलाशाला मुदत वाढवून मागितली. कार्यालयाने ती दिली.

मग एके दिवशी एका अधिकाऱ्यांचा फोन आला. "अहो साहेब, आमचंच नाव कशाला घातलंत? तुमच्या मुलीच्या बाजूनेही आम्हीच, निकाल देणारेही आम्हीच. आम्ही कोणाच्या बाजूने बोलायचं? काढून टाका ना ते नाव."

"हा सल्ला समजू का?" ह्यांनी विचारलं आणि पेनाचं टोपण काढलं.

पलीकडे टोपणाचा आवाज गेला असावा. फोन ठेवला गेला.

पुढचं पत्र जाड कागदावर होतं. या प्रकरणात कार्यालय स्वतः प्रतिनिधी असल्याने त्याला निर्णय देता येत नाही. अशा स्थितीत कार्यालयाने वकील करावा किंवा कसे, हे ठरवण्यासाठी समिती नेमली आहे. समितीतले निम्मे सदस्य वकील करावा म्हणतात, निम्मे करू नये म्हणतात, आणि समितीला जिन्यावरूनही काही सूचना येत आहेत. मात्र विलंबाचं कारण कार्यालयच असल्यामुळे, नियमानुसार, अर्जदाराला तोवर कामावर रुजू होता येईल. फक्त एक अट. अर्जदाराने निघेपर्यंत नवा सल्ला, सूचना, मार्गदर्शन अथवा मदत घेऊ नये. घेतल्यास अर्ज पहिल्यापासून करावा लागेल.

लेकीने पत्र डोक्यावर धरून घरभर उड्या मारल्या. मग ती माझ्यापाशी येऊन बसली आणि तिने माझे दोन्ही हात, सुया आणि लोकर यांच्यासकट, हातात घेतले.

"आई, त्या सबंध पुरवणीत फक्त तुझं नाव नाही. अख्ख्या गावात तू एकटी मला काही म्हणाली नाहीस."

दिवा मोठा होता म्हणून, असं मी म्हणणार होते.

"आता मी गाडीत बसेपर्यंत काही सांगू नकोस हं. एक शब्दही नाही. वचन दे."

मी दिलं. मला ते सोपं वाटलं होतं. रोज देवापुढे गप्प बसते तशी बसेन. पण देवाची बॅग भरायची नसते. लेकीने बूट कपड्यांच्या वर ठेवले, मी गप्प राहिले. औषधाची बाटली झाकण सैल असताना आडवी घातली, मी जपाची माळ काढली. एवढा जप माझा आयुष्यात झाला नव्हता.

निघायच्या दिवशी सगळे प्रतिनिधी जिन्यात जमले. अट सगळ्यांना समजावून सांगितली होती. इतकी माणसं तोंड मिटून उभी असलेली मी प्रथमच पाहिली. मामाच्या मानेची शीर टरारून फुगली होती. बाईंनी रुमाल दातांत धरला होता. नळवाला नुसता स्वतःच्या ओठांकडे बोट दाखवत होता. तिकडे गेल्यावर आता हसायला हरकत नाही, असं त्याला म्हणायचं असावं, पण ह्यांनी डोळे वटारल्यावर त्याने बोट खिशात घातलं. लेक सगळ्यांच्या पाया पडली, स्वतः दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये शिरली आणि खाली गेली.

मी आत वळले. खुर्चीवर टोपी होती.

मी ती उचलली. हे दारातच उभे होते. "देऊ नकोस," ते म्हणाले. "मदत होईल." मग ते भिंतीकडे तोंड करून पाटी सरळ करू लागले. पाटी सरळच होती.

आता तुम्ही. टोपी आधीच बॅगेत कोंबायला हवी होती, असं तुमच्या मनात येऊन गेलंच असेल. त्याआधी 'अहो, तो चौकोन भरून टाका ना एकदाचा' असंही म्हणाला असाल. वकील करावा की करू नये, तुमचंही मत झालेलं आहे, मला ठाऊक आहे. लेक अजून गाडीत बसायची आहे आणि पुरवणीत जागा आहे. कृपया आपलं नाव, पत्ता आणि सल्ला सुवाच्य अक्षरात लिहून दाराच्या फटीतून आत सरकवा. तो निरुपयोगी होता असं लिहून देणार असाल, तर आमच्या गावातले तुम्ही पहिलेच.

खाली गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मी टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली, दोन्ही कानांवर नीट ओढून घेतली, आणि भर उन्हात, एक शब्दही न बोलता, लेकीसमोर जाऊन उभी राहायला जिना उतरू लागले.